दर इतवारी एक गाडी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

डायरी पहिल्या पानावर नाव-गाव लिहा म्हणते, म्हणून लिहितो. शालिकराम, वय अठ्ठावन्न, धंदा फुलांचा, मुक्काम अकोला. खाली 'अडचणीच्या वेळी कोणाशी संपर्क साधावा' असंही एक खानं आहे. ते कोरं सोडलं.

डायरी जानेवारीत कृषी केंद्रवाल्यानं फुकट देली होती. सात महिने पडून होती. शुभम फोनवर म्हणे, बाबा, बोलाले कोणी नसलं तर लिहीत जा. त्याले काय जाते म्हणाले! पुण्यात बसून सल्ला देणं सोपं आहे. पण आज सांगण्यासारखं काही घडलं अन् ऐकाले घरात कोणी नाही. माणिकबाईले जाऊन चौदा महिने झाले.

आज जुनी गाडी पाहाले गेलो होतो. अमरावतीच्या एका मंगल कार्यालयवाल्यानं शब्द दिला आहे, घटस्थापनेपासून वर्षभर रोजची फुलं माझ्याकडून. पण गाडी स्वतःची पाहिजे अन् माल सकाळी सातच्या आत दारात. इतकी वर्षं मी एसटीत मागच्या सीटखाली गठ्ठे टाकून धंदा केला. आता कंडक्टर ओल्या गठ्ठ्याले पायरी चढू देत नाही. गाडी झाली तर धंदा राहते. नाही झाली तर दुकानाची किल्ली घरमालकाच्या हाती द्या अन् शुभमच्या दोन खोल्यात जाऊन बसा. तिथं मी काय करू? गॅलरीत उभा राहून लिफ्ट मोजू?

सोबत वाहेद होता. वाहेद म्हणजे पातूर रोडवरचा गॅरेजवाला. त्याची ओळख माझी नाही, माणिकबाईची. गॅरेजातून निघणाऱ्या गाड्याईले ती रोज सकाळी हार नेऊन द्यायची. ती तिची लाईन होती, मी कधी तिकडं फिरकलो नाही. ती गेल्यावर हा दुखवट्याच्या बैठकीले आला अन् मंग येतच राहिला. गाडीचं बोललो तर म्हणे, "इतवारी पाहत जाऊ, शालिकभाऊ. एकटे जासान तर कोणीबी रंग मारून गळ्यात मारन."

साडेनऊले खिडकीखाली त्याच्या मोटरसायकलचा हॉर्न वाजला. बाळापूर नाक्याकडं एक पांढरी ओम्नी होती, अशी चकचकीत की नवरदेव बसवा. वाहेदनं पायाखालचं मॅट उचललं, पत्र्याले बोट लावलं, बोट आरपार. दलाल म्हणे, थोडा जंग है. वाहेद म्हणे, "थोडा पत्रा है बोल, बाकी जंगच हाये."

मी हसलो. किती दिवसांनी हसलो म्हणून लिहून ठेवतो. चहाचे पैसे त्यानंच दिले. शेवटी कमिशन मांगणार असेल. मांगू दे.

५ ऑगस्ट

आज दिवसभरात दोन वाक्यं बोललो. एक शेवंतीवाल्याले, 'काल वजनात मारलं तू.' दुसरं कुकरले.

१० ऑगस्ट, रविवार

मूर्तिजापूरले एका मास्तरची ईको पाहिली. मास्तर गाडी रोज पुसत असेल, आरशात पाहून भांग पाडा. पण किंमत तीन लाखाच्या वर. उगाच गेलो असं नाही, मास्तरीणबाईनं पोहे खाऊ घातले.

रस्त्यात वाहेदले शुभमचं सांगतलं. माणिकबाईले नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं तवा पोरानं ऐंशी हजार एका दमात पाठवले. मी मांगतले नाही. मायले खर्च कळला, तिनंच फोन केला, तिसऱ्या दिवशी पैसे हजर. मी म्हटलं, "वाहेद, पोरगं असावं तर असं." मंग मास्तरच्या गाडीखाली शिरला तो इतका वेळ निघेच ना. किंमत ऐकून झाल्यावर गाडीखाली काय पाहाचं राहिलं होतं त्याले, देव जाणे. मले वाटते त्याच्या पोराचं अन् त्याचं पटत नसेल, म्हणून लागलं असेल.

१७ ऑगस्ट, रविवार

पातूर. धर्मपाल नावाच्या माणसाची ओम्नी, दोन हजार पंधराची. शाळेचे पोरं नेआण करायचा, आता मोठी गाडी घेतली म्हणून ही काढून राहिला. आतल्या पत्र्यावर पोराईनं खिळ्यानं नावं कोरली आहेत, खुशी, फरदीन, अजून कोण कोण. वाहेदनं सीट उचलली, ओम्नीचं इंजिन तिच्याखालीच असते, ऑइलचं झाकण उघडून वास घेतला, टायर कोणत्या सालचे ते वाचलं, दोन किलोमीटर पळवली. खाली उतरून माझ्या कानात म्हणे, "डोये मिटून घ्या. पावनेदोन सांगते, दीडवर येईन."

मी बसून पाहिलं. म्हटलं, "स्टीअरिंग कडक वाटते."

"कडक?"

"थोडं."

वाहेदनं माझ्याकडं पाहिलं, धर्मपालकडं पाहिलं, अन् म्हणे, "बरं. अजून पाहू."

येताना त्यानं चहालेही गाडी थांबवली नाही. मी तरी काय करू? आज घेतली असती तर काम आजच संपलं असतं, अन् पुढच्या रविवारी मंग... ते जाऊ दे. स्टीअरिंग खरंच कडक होतं.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलाईच्या हाराचा धंदा चांगला झाला. ऑटोवाल्यानं दुप्पट भाडं घेतलं, त्याच्याशी भांडलो. माणिकबाई असती तर त्याले दोन हार फुकट देऊन भाडं निम्मं केलं असतं. मले ते जमत नाही. मी हक्काचं बोलतो अन् लोक वाकडं धरते.

पुरणाची पोळी शेजारून येईल वाटलं होतं. दरवर्षी यायची.

२४ ऑगस्ट, रविवार

दर्यापूरची गाडी. आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच. वाहेद म्हणे, ह्या गाडीले बाप दुसराच हाये. सोडली. येताना शेताच्या बांधावर बसून त्याच्या डब्यातली खिमा-रोटी त्यानं खाल्ली अन् माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी त्याच्या घरवालीनं, शहाजादीनं, देली होती. मी माळकरी नाही, पण मटण खात नाही हे तिले कसं माहीत? माणिकबाईनं सांगतलं असेल कधी.

३१ ऑगस्ट, रविवार

अमरावती. एका केटरिंगवाल्याची गाडी पाहिली, आत जुन्या तेलाचा असा भपकारा की मोगरासुद्धा भज्यासारखा वास मारला असता. तिथून कार्यालयवाल्याकडं गेलो. तो म्हणे, "शालिकराम, वीस तारखेलोक गाडीचं पक्कं सांगा. नाही तर मले दुसरा माणूस पाहा लागते, राग मानू नका." राग कसला. बाहेर येऊन बोटावर दिवस मोजले, वीस.

वाहेद म्हणे, पातूरवाली अजून हाये, चला. मी म्हटलं, आठ दिवसात पितरपाठ लागते. त्यात कोणी गाडी घेते का?

"कोणी घेत नाई म्हणूनच तर सस्ती भेटन ना!"

"तुमच्यात नसेल, आमच्यात चालत नाही."

"तुमच्यात अन् आमच्यात काय, गाडी लोखंडाची हाये," म्हणे. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत भांडलो. घसा बसला. मजा आली.

२ सप्टेंबर

पतसंस्थेत गेलो. माझ्याकडं जमा सदुसष्ट हजार आहेत, बाकी कर्ज काढा लागते. नागसेन नावाचा साहेब आहे, शुभमच्या वयाचा, बोलाले गोड. सगळे कागद पाहून म्हणे, "काका, बाकी ठीक आहे. एक जामीनदार आणा. पगारदार नाही तर पाच वर्षं जुनं दुकान असलेला. तुमच्या ओळखीचा कोणीही."

मी म्हटलं, "जामीनदाराचं काय घेऊन बसले, तीस वर्षं या गावात धंदा केला. पन्नास आणून उभे करतो."

"एकच पाहिजे काका."

४ सप्टेंबर

जानराव माझा चुलतभाऊ. पाटबंधाऱ्यात नोकरीले, पेन्शनले दोन वर्षं. त्याच्या घरी गेलो. चहा झाला, चिवडा झाला, जामीनदाराचं नाव काढलं की ह्याचे गुडघे दुखाले लागले. म्हणे, पोराच्या कर्जाले सही केली आहे. म्हणे, बायकोले विचारा लागते. मी म्हटलं, "सरळ नाही म्हण ना! गोल गोल कायले फिरतं?"

तो म्हणे, "शालिक, तू मांगाले आला का भांडाले आला?"

झालं. मीही बोललो. त्याच्या बापाच्या वाटणीपासून सुरू केलं ते पार त्याच्या लग्नातल्या जेवणावर आलो. निघताना त्याच्या बायकोनं, सत्यवतीनं, दारापर्यंत येऊन सांगतलं, "भाऊजी, नवमीले माणिकबाईच्या पानावर मी सवाष्ण म्हणून येतो, काळजी करू नका." बाई चांगली आहे. त्याच्या वाट्याले कशी आली कोणास ठाऊक.

७ सप्टेंबर, रविवार

ग्रहण होतं म्हणून कुठं गेलो नाही. तरी साडेनऊले हॉर्न वाजलाच. वाहेद वर आला, चहा घेतला, पंख्याचा आवाज ऐकून पंखा उतरवला, तेल घातलं, पुन्हा चढवला. तास-दीड तास बसला. जामीनदार भेटला का, विचारलं. मी म्हटलं, भेटेल, लय आहेत.

१० सप्टेंबर

हारवाल्याईच्या युनियनचा अध्यक्ष: नाही. कापडवाला, ज्याच्या दुकानाच्या उद्घाटनाले मी दारचं तोरण फुकट... फुकट नाही, माणिकबाईनं दिलं होतं फुकट, मी भांडलो होतो तिच्याशी: नाही. औषधवाला म्हणे, "माणिकबाई असत्या तर डोळे मिटून सही केली असती." मी म्हटलं, "सही मले पाहिजे का तिले?" तो म्हणे, "तेच तर."

काय समजते लोक स्वतःले.

वाहेदले विचारावं असं दोनदा मनात आलं. दुकान आहे त्याचं, पंधरा वर्षं जुनं. पण नाही. गॅरेजवाल्याची ऐपत ती काय. अन् खरं लिहितो, इथं कोण वाचते: त्याले विचारलं अन् तो नाही म्हणाला तर तो रविवारी यायचं बंद करेल. बाकीचे नाही म्हणाले तर माझं काही गेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

विचारलं. सहा दिवस उरले, दुसरा रस्ताच नव्हता. पातूर रोडले लागलो होतो, मागं बसल्या बसल्याच विचारलं, तोंड दिसू नये म्हणून.

त्यानं गाडी बाजूले घेतली. म्हणे, "मी नाई होऊ शकत, शालिकभाऊ. एका ठिकाणी अगुदरच सही केली हाये. संस्थेचा नियम हाये, एक माणूस एकालेच."

"कोणाले?"

"हाये एकाले."

"कोणाले, सांग ना. मले सहा आठवडे फिरवतं, अन् सही दुसऱ्याच कोणाले!"

"शालिकभाऊ, ते नका इचारू."

मी उतरलो. तो म्हणे, बसा, घरी सोडतो. मी म्हटलं, पाय आहेत मले. तीन किलोमीटर चालत आलो. मागं वळून पाहिलं नाही. बराच वेळ त्याच्या गाडीचा आवाज मागून हळूहळू येत होता, मंग बंद झाला.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

पहाटे उठून सगळं केलं. वरण, भात, गवारीची भाजी, खीर. खीर खाली लागली. सवाष्णीसाठी हिरवी साडी आणून ठेवली होती. बारा वाजले, एक वाजला. दीडले सत्यवतीचा फोन. म्हणे, भाऊजी, येतच होतो, पण ह्याईनं गेटाले कुलूप लावलं, तुम्ही काही बोललात म्हणते. रडून राहिली होती बिचारी.

दुसऱ्या कोणाले बोलवावं म्हणून जिन्यात उभा राहिलो. समोरच्या दारावर हात नेला. नाव आठवेना त्या बाईचं. बारा वर्षं शेजारी राहते ती.

पान फोटोपुढं ठेवलं. घास गच्चीवर ठेवला, कावळाही कुठं मेला होता. चारले तेच पान समोर घेऊन जेवलो. तिच्या पानावर मीच सवाष्ण! बोलली असती ती मले. बोलावं तरी.

१६ सप्टेंबर

आज घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

नागसेनकडं गेलो होतो, जामीनदाराशिवाय काही होते का विचाराले. त्यानं माझं नाव कॉम्प्युटरवर टाकलं अन् थांबला. म्हणे, "काका, तुमच्या घरातलं एक कर्ज चालू आहे आमच्याकडं. तुम्हाले माहीत असेल."

मी म्हटलं, "माझ्या घरात मी एकटा. मी काढलं नाही."

"माणिकबाई शालिकराम. मार्च चोवीस. ऐंशी हजार. कारण, औषधोपचार."

मी म्हटलं, चूक आहे. ते पैसे तर माझ्या पोरानं पाठवले होते. त्यानं कपाटातून फाईल काढून माझ्यापुढं ठेवली. तिची सही. मोठं मोठं अक्षर, 'बा' वरची रेघ पार बाहेर गेलेली. तिनं सही करताना जीभ दाताखाली धरली असेल, ती तशीच करायची.

"हप्ता थकला असता तर तुम्हाले नोटीस आली असती," नागसेन म्हणे. "एकही थकला नाही. बाई गेल्यापासून जामीनदार भरून राहिले."

"कोण जामीनदार?"

त्यानं पान उलटलं. वाहेद. पातूर रोड.

नागसेननं पाणी आणलं. बाहेर येऊन चपला उलट्या घातल्या, चौकात लक्षात आलं.

१७ सप्टेंबर

शुभमले मीच फोन लावला. रात्रभर काय काय बोलाचं ते ठरवलं होतं. मी तवा त्याले फोनवर म्हटलं होतं, बेटा, मायचं ऋण फेडलं तू. अन् तो म्हणाला होता, बरं बरं बाबा. बरं बरं! इतकं सोपं?

फोन उचलला. मी म्हटलं, "शुभम, मागच्या वर्षी मार्चमध्ये तुझी नोकरी..."

पुढं बोललोच नाही. तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मंग म्हणे, "तेव्हा नव्हती बाबा. सात महिने नव्हती. आईले माहीत होतं. तुम्हाले कसं..."

मी म्हटलं, "असंच इचारलं. आता आहे ना?"

"आता आहे."

"मंग झालं. जेवत जा टायमावर."

तो काही तरी म्हणत होता, बाबा, मले तुम्हाले एक सांगाचं आहे. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलं, ठेवतो. गिऱ्हाईक नव्हतं.

तिनं मले सांगतलं नाही. पोरानं सांगतलं नाही. त्या गॅरेजवाल्यानं सांगतलं नाही. तिघाईले माहीत होतं, अन् मी गावभर पोराचं कौतुक करत फिरलो. इतकं काय भ्याले हे लोक मले? मी काय वाघ आहे?

१८ सप्टेंबर

संस्थेत गेलो. माणिकबाईचं बाकी कर्ज एका दमात भरून टाकलं. गाडीचे होते त्यातलेच. उरले पंचवीस हजार. नागसेन म्हणे, "काका, गाडीचं काय?" मी म्हटलं, बायकोचं नाव आधी खाली उतरव.

त्यानं दाखला दिला. मंग म्हणे, "आता वाहेदभाई मोकळे झाले. त्याईले फोन करू का?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वाहेद अकराले आला, पांढरा कुर्ता घालून, नमाजले जाण्याआधी. माझ्याकडं न पाहता सही केली. नागसेन म्हणे, फाईल तयारच आहे, उद्या एक लाख वीसचा चेक देतो.

बाहेर व्हरांड्यात मी विचारलं, "सांगतलं कावून नाही मले?"

"भाभीनं कसम घातली होती. म्हणे, ह्याईले पोराचा मोठा गुरूर हाये, तो तुटला तर हे जगाचे नाईत. महेजबीनच्या निकाहाले सारे फुलं भाभीनं आनून देले, सेहरा सोताच्या हातानं गुंफला, एक रुपया घेतला नाई. माह्या पोरीचं लगन केलं त्या बाईनं. मंग म्या सही करू नये?"

"अन् हप्ते?"

"हप्ते भरता भरता दर महिन्याले तुमाले गाल्या देतो. खोटं कावून बोलू? घरात शहाजादी मले बोलते, म्या तुमाले बोलतो. म्हटलं, तुमची गाडी झाली, धंदा चालला, का मंग हळूच सांगू."

"तुझे पंधरा हप्ते देतो मी."

"देजा. सोडनार नाई." मंग खिशातून फोन काढला, पातूरच्या धर्मपालले लावला. त्याच्याशी हिंदी-मराठी करत, ओरडत, हसत भाव केला. फोन ठेवून म्हणे, "पितरपाठात त्याच्या दारात कुत्रं फिरकलं नाई. अमावस्येले इतवारी घेऊन जात असान तर एक चाळीसले देतो म्हणते. तुमचे वीस, संस्थेचे एक वीस. बोला. अमावस्येले चालते का तुमच्यात?"

मी म्हटलं, चालते.

तो नमाजले गेला. मी घरी आलो. तवापासून एकच गोष्ट डोक्यात फिरून राहिली. गाडी झाली का मंग सांगू, म्हणे. म्हणजे दर रविवारी तो यासाठी येत होता. हप्त्यासाठी. मले वाटलं होतं... काय वाटलं होतं ते लिहाची लाज वाटते. म्हाताऱ्या माणसाले काहीही वाटते.

२० सप्टेंबर

चेक भेटला. अमरावतीले फोन करून गाडी पक्की म्हणून सांगतलं. कार्यालयवाला खूश झाला. मी झालो नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या

साडेनऊ. हॉर्न नाही.

दहा. काही ठरलं थोडीच होतं की घ्याले येतो. तरी पँट-शर्ट घालून बसलो आहे.

साडेदहा. येत नाही आता. कर्ज मिटलं, सही झाली, कशाले येईल. एकट्यानं एसटीनं पातूरले जातो. चेक खिशात आहे, लायसन खिशात आहे. कोणाची गरज नाही मले.

संध्याकाळ.

पातूरच्या एसटीत बसलो होतो. गॅरेज रस्त्यातच लागते. कंडक्टरले म्हटलं, इथं उतरवा. का म्हटलं, मलेच माहीत नाही.

या गॅरेजवर मी आज पहिल्यांदा गेलो. बाहेर गाड्याच गाड्या. दोन टेम्पो, एक ट्रॅक्टर, चार मोटरसायकली, एका जीपचं तर चाकच काढून ठेवलेलं. लोक वैतागून बसले होते. वाहेद जीपखाली, फक्त पाय दिसत होते. ट्रॅक्टरवाल्याले विचारलं, "इतवारी इतकी गर्दी असते?"

"इतवारीच असते ना काका. बाकी दिवशी वावरातून सुट्टी कुठं भेटते? पन हा माणूस पोया व्हायच्या अगुदरपासून इतवारी गायबच राहते. दुपारी तीन-चारले उगवते, तवालोक अर्धे गिऱ्हाईक त्या समोरच्या गॅरेजात जाते. आज सकायपासून भेटला, म्हणून जो तो आला."

मी उभाच राहिलो. सात रविवार. सातही रविवारी हे सगळं सोडून तो माझ्या खिडकीखाली हॉर्न वाजवत होता. त्या सात रविवारी गेलेल्या गिऱ्हाइकांच्या पैशात त्याचे किती हप्ते निघाले असते, ते मले उभ्या उभ्या कळलं. अन् मी पातूरच्या गाडीचं स्टीअरिंग कडक म्हटलं होतं.

वाहेद जीपखालून सरकत बाहेर आला. कोपरापर्यंत काळा. मले पाहिलं अन् तसाच जमिनीवर पडल्या पडल्या म्हणे, "आलेत का! सात इतवार म्या आलो. म्हटलं, आठव्याले पाहू, शालिकभाऊले आपलं घर सापडते का नाई."

मी म्हटलं, "पाय आहेत मले."

"हाव ना, त्या दिवशी सांगतलं तुमी. तीन किलोमीटर गाडी पहिल्या गेअरात चालवली म्या तुमच्या मांगून. क्लच जयला माहा."

रडलो असं नाही, पण नाक पुसा लागलं. तो उठला नाही, मदत केली नाही, दुसरीकडं पाहून म्हणे, "उभे कायले? तो बारा नंबरचा पाना द्या इकडं."

मी चौदाचा दिला. त्यानं शिवी देली. मंग दहाचा दिला. जीपवाला चिडला, म्हणे, वाहेदभाई, हे कोण बसवले मधातच?

वाहेद जीपखालूनच बोलला, "आपलेवालेच हायेत. काम काही येत नाई त्याईले. बसू द्या."

बसलो. तीनपर्यंत बसलो, पाने देत. शेवटचे दोन बरोबर दिले. शहाजादीचा डबा आला, त्यात माझी भाजी वेगळी नव्हती, आज सगळ्याईसाठीच दोडक्याची होती. तिले माहीत नव्हतं ना मी येईन म्हणून. अर्धी रोटी वाहेदनं माझ्याकडं सरकवली.

मंग पातूरले गेलो. धर्मपालनं अमावस्येले पैसे हाती घेताना जरा अनमान केला, पण घेतले. गाडी मीच चालवत आणली. वाहेद मोटरसायकलवर मागून, प्रत्येक गतिरोधकावर ओरडत होता, हळू, हळू! आता खाली उभी आहे. फुलांचे गठ्ठे भरून ठेवले, वर ओली पोती टाकली. पहाटे चारले निघायचं आहे.

शुभमचा फोन आला होता. गाडी झाली म्हटलं. तो म्हणे, बाबा, एकटे इतकं लांब चालवसान का रोज? मी म्हटलं, जाताना एकटाच राहीन.

पुढच्या रविवारी अमरावतीहून परतताना घरी नाही येत, थेट गॅरेजवर जातो. वाहेदले अजून सांगतलं नाही. काय काम काढलं म्हणून विचारलं त्यानं, तर सांगीन, काही काम नाही.